सासरे म्हणतात, ‘ठराव नको, आधी घरातलं बघू’

ताई, नमस्कार.

मी वाळवा तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. महिला राखीव जागेवर निवडून आले. उभी राहिले ती सासऱ्यांच्या आग्रहानं. आबा स्वतः दहा वर्षं सरपंच होते. एकाच पक्षाचं आणि एकाच विचाराचं काम त्यांनी जन्मभर केलं. रूढी, कुळाचार, रीतभात यांत कुणी हात घातलेला त्यांना खपत नाही. पण माणूस वाईट नाही. लग्नानंतर माझं शिक्षण पूर्ण झालं ते त्यांच्यामुळं.

दोन वर्षांपूर्वी माझे धाकटे दीर वारले. अंगणात प्रेत असताना धाकटीच्या बांगड्या फोडल्या. फोडणाऱ्या आमच्या चुलत सासूबाई स्वतः विधवा. एक काच तिच्या मनगटात घुसली, रक्त थांबेना, तर त्यावर हळद दाबली. ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हापासून ती कुठल्याच कार्यात पुढं येत नाही. संक्रांतीला आम्ही बायका वाण लुटतो आणि ती आत चहा करते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं जसा विधवा प्रथा बंदीचा ठराव केला तसा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या गावानं करावा असं मला वाटतं. आबांना सांगितलं तर म्हणाले, “ठराव नको. कायद्यानं माणसं बदलत नसतात. आधी घरातलं बघू.” पुण्याच्या नणंदबाईंनी घरच्या ग्रुपवर त्यांना ‘प्रतिगामी’ आणि आणखी काय काय लिहिलं, तेव्हापासून ते त्यांचा फोन घेत नाहीत. आणि गंमत म्हणजे धाकटीच म्हणते, “मला कुंकू नको, माझ्या नावानं काही करू नका.”

मी ठराव मांडू का नको? आबांच्या विरोधात जाऊ का? का त्यांचंच बरोबर आहे?

– एक सून


सूनबाई,

ठराव मांडा. पण २६ जानेवारीच्या आधी घरात बरंच काम आहे आणि ते काम आबांनीच तुमच्या हातात दिलंय. त्यांना ते अजून कळलेलं नाही, एवढंच.

तुमच्या पत्रातल्या हळदीपासून सुरुवात करते. रक्त थांबवायला तिच्या मनगटावर हळद चालली. पुढच्या संक्रांतीला तीच हळद तिच्या कपाळाला चालली नाही. औषध म्हणून चालते, मानाची म्हणून चालत नाही. ही रीत कुठल्या ग्रंथात आहे ते आबांना विचारू नका. ते ग्रंथ काढतील, तुम्ही दुसरा ग्रंथ काढाल, आणि जेवणं गार होतील.

आबांचं म्हणणं मात्र नीट ऐकायला हवं. त्यात दोन वाक्यं आहेत आणि दोन्हींचं वजन वेगवेगळं आहे.

पहिलं, ‘कायद्यानं माणसं बदलत नसतात.’ हे अर्धं खरं आहे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला. त्यानंतर ३७ वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तर मुरुडला त्यांच्या गावानं त्यांना वाळीत टाकलं. कायदा त्यांच्या बाजूनं होता, गाव नव्हतं. त्याही आधीचं उदाहरण न्यायमूर्ती रानड्यांचं. विधवाविवाहाचे एवढे कैवारी, पण १८७३ मध्ये पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढं मान तुकवून त्यांनी ११ वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. म्हणजे कायदा पुस्तकात आणि माणूस वडिलांसमोर, असं मोठमोठ्यांचं झालेलं आहे. आबा हे म्हणत असतील तर त्यांचा अनुभव खोटा नाही. दहा वर्षं सरपंचकी केलेल्या माणसानं कितीतरी ठराव इतिवृत्तात लिहिले जाऊन तिथंच निजलेले पाहिले असतील.

पण उरलेलं अर्धं त्यांच्या घरातच बसलेलं आहे. तुम्ही. पंचायतीत बायकांसाठी एक तृतीयांश जागा आल्या त्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं, १९९३ पासून. महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या २०११ मध्ये. तेव्हाही ‘बाईमाणसाला काय कळतंय’, ‘सही ती करणार, कारभार नवरा बघणार’ असं बोललं गेलंच, आणि पुष्कळ गावांत खरंही ठरलं. तरी आज तुम्ही ठराव मांडण्याचा विचार करताय आणि आबांना त्यावर नको म्हणावं लागतंय. कायदा नसता तर हा प्रसंगच आला नसता. कायद्यानं माणूस बदलत नाही हे खरं, पण कायद्यानं खुर्ची मिळते आणि खुर्चीवर बसल्यावर माणूस बदलतो. आबांनी तुम्हाला उभं केलं तेव्हा त्यांना हे मान्य होतं. नाहीतर ती जागा त्यांनी भावकीतल्या दुसऱ्या कुणाला दिली असती.

आता दुसरं वाक्य, ‘आधी घरातलं बघू.’ सगळी मेख इथं आहे.

जुन्या वळणाच्या माणसाचा नकार दोन तऱ्हेचा असतो. एक म्हणतो, ‘हे असं नको, यांच्या हातून नको, इतक्या घाईनं नको.’ दुसरा म्हणतो, ‘हे नकोच.’ दोघंही शब्द तेच वापरतात, त्यामुळं आपण दोघांना एकाच दावणीला बांधतो. हा घोळ आपल्याकडं सव्वाशे वर्षांहून जुना आहे. संमतिवयाच्या कायद्याचा वाद आठवा. शाळेत आपल्याला तो एका ओळीत शिकवतात: सुधारक बाजूनं, टिळक विरोधात. मुलीचं संमतिवय, म्हणजे ज्याच्या आत नवऱ्यानंसुद्धा शरीरसंबंध ठेवला तर गुन्हा ठरतो ते वय, १० वरून १२ करायचं, एवढीच ती १८९१ ची गोष्ट. टिळकांचा विरोध होता हे खरंच आहे, आणि जोरदार होता. परक्या सरकारनं आमच्या धर्मात, आमच्या माजघरात कायदा घेऊन शिरू नये, समाजानं आपलं आपण बघावं, असं ते म्हणत. पण त्याच सुमारास त्यांनी सुधारकांपुढं एक सूचनाही टाकली होती. मुलीचं लग्न सोळाच्या आत करायचं नाही, मुलाचं विसाच्या आत नाही, हुंडा घ्यायचा नाही, विधवांचं केशवपन करायचं नाही. ज्यांना हे पटतं त्यांनी आधी स्वतः सही करून स्वतःला बांधून घ्यावं. १२ वर्षांना विरोध करणारा माणूस १६ ची भाषा करत होता!

तुमच्या आबांचं वाक्य हेच आहे की नाही? आधी घरातलं.

त्या भूमिकेत एक खोट होती, तीही सांगते, कारण आबांना कुठं पकडायचं ते तिथून कळतं. ‘समाज आपलं आपण करील’ हे म्हणायला ठीक, पण कधी, याला तारीख नव्हती. आणि तारीख नसताना थांबायची किंमत थांबा म्हणणाऱ्याला मोजावी लागत नाही. हा वाद पेटला त्याच्या थोडंच आधी कलकत्त्याला फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली होती. समाज तयार होईपर्यंत थांबायला तिला सवड नव्हती. पुण्यातल्या वाड्यात बसून थांबा म्हणणं सोपं होतं.

म्हणून आबांशी वाद घालू नका, त्यांचा शब्द धरा. एखाद्या सकाळी, ते ओसरीवर एकटे असताना, चहा नेऊन द्या आणि विचारा, “आबा, तुम्ही म्हणालात आधी घरातलं बघू. मला पटलं. मग कधी बघायचं, आणि पहिलं काय करायचं?” एवढंच. पुढं गप्प बसा. त्यांनी जर एखादी तारीख, एखादी पहिली गोष्ट सांगितली, अगदी छोटीशी सुद्धा, तर ते पहिल्या तऱ्हेचे आहेत आणि तुमच्या बाजूचे आहेत, मग मत कुणालाही देवोत. ‘बघू की’, ‘घाई काय आहे’, ‘लोक काय म्हणतील’ असं सुरू झालं, तर पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा. तिसऱ्यांदाही तेच झालं तर समजा की ‘आधी घरातलं’ ही नुसती वाट अडवायची काठी होती. मग त्यांच्या परवानगीची वाट बघायची नाही. तुम्हाला वॉर्डातल्या लोकांनी निवडून दिलंय, आबांनी नेमलेलं नाही. घरात चार दिवस अबोला होईल. पुढच्या वेळी कदाचित उभं करणार नाहीत. ही किंमत मोजायची तयारी आहे का, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी लांबून ‘हो, मोजा’ म्हणणं बरोबर दिसणार नाही.

नणंदबाईंना मात्र आवरा. ‘प्रतिगामी’ हा शब्द ऐकून आजवर कुणी कुंकवाचा करंडा विधवेपुढं केलेला मला माहीत नाही. त्या शब्दानं फक्त एवढंच होतं की आबांना माघार घ्यायची असली तरी आता ती लेकीपुढं हरल्यासारखी दिसणार. शिवाय नणंदबाईंना एकदा सहज विचारा, त्यांच्या सोसायटीतल्या हळदीकुंकवाला दुसऱ्या मजल्यावरच्या विधवा काकूंना बोलावणं जातं का. पुष्कळ ठिकाणी जात नाही. ‘त्यांनाच अवघड वाटेल म्हणून बोलावलं नाही’ असं गोड उत्तर मिळतं. शहरात ही रीत बांगड्या फोडत नाही, निमंत्रण विसरते.

आबा असे का झाले, याचाही थोडा विचार करा. त्यांच्या वयाच्या माणसानं काय काय जाताना पाहिलंय! एकत्र चूल गेली, बैल गेले, बलुतं गेलं, पोरं पुण्या-मुंबईला गेली, गावातलं भांडण गावात मिटायचं ते कोर्टात गेलं. यातलं काहीही त्यांना विचारून गेलं नाही. इतकं गेल्यावर उरलेलं घट्ट धरावंसं वाटणं हे माणसासारखंच आहे, आणि रूढीच्या बाजूनं बोलणारं राजकारण नेमकं या वाटण्यावर उभं असतं. त्याला नुसतं हसून उपयोग नाही.

पण उरलेलं म्हणजे काय उरलं, तेही बघा. धोतराची पँट झाली, कुणी परंपरा बुडाली म्हटलं नाही. शेंड्या गेल्या, ट्रॅक्टर आले, सुतकातसुद्धा पुरुषमाणूस मोटारसायकलवर बसून कारखान्यावर बिलाची चौकशी करून येतो. पुरुषांनी आपापल्या सोयीचं सगळं बदलून घेतलं आणि परंपरा राखायची जबाबदारी बायकांच्या कपाळावर, मनगटावर आणि पायाच्या बोटांवर टाकली. विधुराच्या अंगावरचं काय काढून घेतात? काहीच नाही. वर्षाच्या आत त्याला स्थळं सुरू. हे आबांना कधीतरी सांगा, पण भांडणात नको. त्यांच्या एखाद्या विधुर मित्राचं दुसरं लग्न ठरेल तेव्हा आपोआप विषय निघेल.

आता धाकटी. पत्रात तुम्ही तिचं म्हणणं ‘गंमत म्हणजे’ म्हणून शेवटी लिहिलंत. मला ती सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटली.

‘मला कुंकू नको’ या तीन शब्दांमागं तीन वेगळ्या बायका असू शकतात. एकीला खरंच नको असतं. नवरा गेला, सजण्यात जीव राहिला नाही. तिच्या दुःखाचा तो भाग आहे आणि त्यावर आपण बोलायचं कारण नाही. दुसरीला हवं असतं, पण पाणवठ्यावर, दुकानात, भावकीत तोंडं वेडीवाकडी होतील याचं भय असतं. तिसरीला या सगळ्याचा राग आलेला असतो: दोन वर्षं कुणी विचारलं नाही, आणि आता जावेला ठराव मांडायचाय म्हणून माझं कपाळ आठवलं! ‘माझ्या नावानं काही करू नका’ या वाक्यात मला ही तिसरी बाई ऐकू येते. माझा अंदाज चुकीचाही असेल. तुम्ही तिच्याशी एकटीनं बोला. सणाच्या दिवशी नको, चार बायकांत तर मुळीच नको. रानात भांगलायला जाताना बोला, किंवा रात्री भांडी घासताना. तिला काय हवंय ते विचारा आणि ती जे सांगेल त्यात कुंकू असेलच असं धरून चालू नका.

यातून ठरावाच्या मसुद्याची भाषाही ठरते. विधवांनी कुंकू लावावं, मंगळसूत्र ठेवावं असं त्यात एक अक्षरही असू नये. एक सक्ती काढून दुसरी बसवली तर धाकटीची अवस्था तीच राहील. ठराव सक्तीच्या विरोधात हवा: पतीच्या निधनानंतर कोणत्याही स्त्रीचं कुंकू पुसायला, बांगड्या फोडायला, मंगळसूत्र वा जोडवी काढायला कोणी भाग पाडू नये, आणि कार्यात, हळदीकुंकवात, मानपानात तिला डावलू नये. लावायचं की नाही ते ती ठरवील.

हेरवाडचं म्हणाल तर तिथं नेमकं काय झालं ते आबांना सांगण्यासारखं आहे, कारण ती गोष्ट त्यांच्या मनासारखी आहे. शिरोळ तालुक्यातलं हे गाव. मे २०२२ मध्ये राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीच्या तोंडावर तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला. मांडणाऱ्या बाई गावच्याच, अनुमोदन देणाऱ्या गावच्याच. वरून कायदा आला नव्हता, परकं सरकार नव्हतं. गावानं गावाचं बघितलं. सरकारचं परिपत्रक त्यानंतर, १७ मे रोजी, निघालं आणि इतर ग्रामपंचायतींनी असं करावं म्हणून सांगितलं गेलं. ‘समाजानं आपलं आपण करावं’ असं म्हणणाऱ्या माणसाला याहून पटण्यासारखं उदाहरण कुठून आणायचं? ठरावात शिक्षा नाही, दंड नाही. आबा म्हणतील, मग त्याचा उपयोग काय. तर उपयोग एवढाच की उद्या कुणाच्या अंगणात प्रेत असेल आणि एखादी सून ‘नका फोडू बांगड्या’ म्हणेल, तेव्हा ती एकटी पडणार नाही. ‘गावाचा ठराव आहे’ असं म्हणायला तिच्याजवळ काहीतरी असेल. त्या घटकेला कुणी कलम वाचत नाही. पाठीशी गाव आहे की नाही, एवढंच बघतात.

आणि त्याच घटकेचं आणखी एक. तुमच्या चुलत सासूबाई. सगळ्या पत्रात मला त्या सारख्या दिसत राहिल्या. बांगड्या फोडायला आबा गेले नव्हते, भावकीतले पुरुष गेले नव्हते, ते अंगणात तिरडीपाशी होते. जिच्या स्वतःच्या बांगड्या कधीतरी अशाच फुटल्या तिच्याच हाती हे काम देतात. १८९० मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या नाभिकांनी ठरवलं होतं की विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही. शास्त्रार्थ करणाऱ्यांचे वाद वर्षानुवर्षं चालले होते, पण वस्तरा ज्याच्या हातात त्यानंच तो खाली ठेवला तर वाद कशावर घालणार? तुमच्या गावात हे हात तीन-चार बायकांचे असतील. दर मयताला त्याच दिसतात. तुम्ही त्यांना ओळखता. ठरावाच्या आधी त्यांच्याकडं जा. त्यांना ‘तुम्ही चुकलात’ म्हणू नका. त्यांची वेळ आली तेव्हा काय झालं होतं ते फक्त विचारा आणि ऐकून घ्या. कुणी विचारलंच नाही म्हणून त्यांनी कधी सांगितलेलं नसतं. त्यातल्या दोघींनी जरी ‘आम्ही यापुढं हात लावणार नाही’ म्हटलं, तरी ठरावाचं निम्मं काम झालं. माझं तर म्हणणं, ठराव तुम्ही मांडूच नका, त्यांच्यातल्या एकीनं मांडावा. तुम्ही अनुमोदन द्या. म्हणजे ‘सदस्यबाईंचं राजकारण’ असं कुणाला म्हणता येणार नाही, आणि आबांनाही सून आपल्या विरोधात उभी राहिली असं वाटणार नाही.

यासाठी सोयही आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. पुष्कळ गावांत ती कागदावर सह्या गोळा करून उरकतात. तुमच्याकडं खरोखरची होऊ द्या. विषय विषयपत्रिकेवर यावा म्हणून ग्रामसेवकांना आधी लेखी द्या, ऐनवेळच्या विषयांत ढकलू देऊ नका. ऐनवेळी मांडलेलं ऐनवेळीच उडतं. ग्रामसभेला गणपूर्ती लागते ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जे कमी असेल ते. सकाळी झेंडावंदन झालं की माणसं पांगतात, म्हणून बायकांना आधी सांगून ठेवा. आबांना भाषणाचा आग्रह करू नका. माजी सरपंच सभेला येऊन शेवटपर्यंत बसले, तरी भावकीला जे कळायचं ते कळतं. भावकीतून कुणी ‘वाळीत टाकू’ वगैरे बोललंच, तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्यात २०१६ चा कायदा आहे. तो माहीत असू द्या, पहिल्याच दिवशी काढून दाखवू नका.

घरच्या संक्रांतीचं मात्र ग्रामसभेआधी ठरतं. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतंच, तेव्हा दिवस हाताशी आहेत. वाण द्यायला धाकटीला बसवायचं का हे तिला विचारा. ती नको म्हणाली तर चहा करायला तरी तिला आत पाठवू नका. चहा तुम्ही करा. तिळगूळ सगळ्यांच्या आधी तिच्या हातावर ठेवावा, तो आत्तींनी, म्हणजे तुमच्या सासूबाईंनी. सासूनं दिलेला तिळगूळ बायका बरोबर वाचतात, त्याला ठराव लागत नाही.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, म्हणून मीच विचारते. दिरांच्या नावावर काही जमीन होती का? असेल तर सातबाऱ्यावर आज कुणाचं नाव आहे? कुंकवाच्या गोष्टी आपल्याला दिसतात, म्हणून आपण त्यांवर भांडतो. पण विधवेला खरी झळ बसते ती फेरफार, म्हणजे जमिनीवर वारस म्हणून नाव लावायची नोंद, न झाल्यामुळं. पीककर्जाला तिचं नाव नाही, अनुदानाला नाही, उद्या वाटणीचा वाद निघाला तर तिच्याजवळ कागद नाही. आणि आबांना परंपरेची काळजी आहे म्हणून सांगते, विधवेला मालमत्तेत पूर्ण मालकीचा हक्क ही १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं आलेली गोष्ट. त्याआधीच्या हिंदू कोड बिलाला एवढा विरोध झाला, बिल इतकं रेंगाळलं की डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडलं. ‘घरं फुटतील’ असं तेव्हा म्हटलं जायचं. आज आबांसारखी माणसं गावातल्या वाटणीत विधवेचा हिस्सा सहज मोजतात, त्यात काही नवं केल्यासारखं त्यांना वाटतसुद्धा नाही. एका पिढीला जे धर्मबुडवं वाटलं ते दुसऱ्या पिढीत रीत होऊन बसतं.

तेव्हा आबांनी पहिली गोष्ट काय करायची असं तुम्हाला विचारलंच, तर कुंकवाच्या आधी हे सांगा. याला त्यांचा विरोध असणार नाही, आणि असला तर तो बाहेर येणं जास्त गरजेचं आहे. वारसाची वर्दी खरं तर तीन महिन्यांत तलाठ्याकडं द्यायची असते. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण आता आणखी लांबवू नका. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं आणि अर्ज घेऊन आबा आणि धाकटी दोघं मिळून तलाठी कार्यालयात जाऊ देत. माजी सरपंच सुनेला घेऊन आलेले बघितले की कामही लवकर होतं. दिरांच्या जमिनीत वारस म्हणून धाकटी, तिची मुलं असतील तर ती, आणि आई म्हणून आत्ती, अशी नावं लागतील. नोंद धरल्यावर हरकतीसाठी नोटीस निघते, तिची १५ दिवसांची मुदत संपली की मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. आत्तींना आपला हिस्सा धाकटीसाठी सोडायचा असेल तर त्याला नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं. तलाठ्यापुढं तोंडी सांगून किंवा साध्या कागदावर अंगठा देऊन ते होत नाही, आणि ते त्यांनी आपखुशीनंच करायला हवं.